काही हरकत?

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदा आणि नावात बदल यांच्या दाटीत, ती सूचना छापलेली असते. ‘तमाम नागरिकांना कळविण्यात येते की’ अशी सुरुवात. मग कलम, पोटकलम, गावांची नावे, चतुःसीमा: उत्तरेला अमुक गावची शीव, दक्षिणेला तमुक ओढा. शेवटी दोन वाक्ये. ज्यांना या प्रस्तावाबाबत हरकती व सूचना दाखल करावयाच्या असतील त्यांनी त्या मुदतीत, लेखी व कारणांसह दाखल कराव्यात. मुदतीनंतर आलेल्या हरकती विचारात घेतल्या जाणार नाहीत. गावाची ग्रामपंचायत जाणार आणि गाव शेजारच्या महापालिकेत विलीन होणार, याची पहिली सरकारी वर्दी बहुधा याच छापाची असते.

‘हरकती व सूचना’ ही जोडगोळी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे वय विचारावे असे कुणाला वाटत नाही. त्यातला ‘सूचना’ संस्कृतातला. ‘हरकत’ अरबीतून फारसीमार्गे आलेला. तिकडे त्याचा मूळ अर्थ हालचाल. हिंदी-उर्दूत तो चाळ्यांकडे, खोडसाळपणाकडे झुकला. मराठीत मात्र अडथळा, आक्षेप, विरोध असा अर्थ पक्का झाला आणि ‘हरकत नाही’ म्हणजे होकार ठरला. गाणाऱ्यांनी आणखी एक अर्थ जपला: सुरावर घेतलेला छोटासा मुरका. गाण्यातल्या हरकतीने राग बदलत नाही, बदलू नये अशीच अपेक्षा असते. सरकारदरबारी दाखल होणारी हरकत यांपैकी कोणत्या जातीची, अडथळ्याच्या की मुरक्याच्या, हे शोधायचे तर थोडे मागे जावे लागते.

गावाची हद्द हा आपल्याकडे जुना, जिव्हाळ्याचा आणि भांडणाचा विषय. शिवेवरून दोन गावे हमरीतुमरीवर आली की मराठेशाहीत गोतसभा बसे. पाटील, कुलकर्णी, शेजारगावचे वतनदार, बलुतेदार जमत. साक्षी होत, प्रसंगी दिव्य होई, आणि निवाडा कागदावर उतरे. त्या कागदाला महजर म्हणत. हाही शब्द अरबी, आणि त्याचे मूळ ‘हजर’ या आपल्या रोजच्या शब्दाशी एकच. जे हजर होते त्यांच्या देखत झाले, हे त्या कागदाचे बळ. खाली त्यांच्या निशाण्या असत. पाटलाने नांगर काढावा, ज्याच्या त्याच्या धंद्याचे हत्यार ज्याने त्याने रेखाटावे. अक्षरओळख नसलेल्याचाही हात त्या कागदाला लागलेला असे. यात रमून जाण्याचे कारण नाही. सभेत कोणी बसायचे आणि कोणी दूर उभे राहायचे हे जात ठरवी, बायकांना तिथे जागा नव्हती, आणि महजर ही काही आजच्या सुनावणीची आजी नव्हे. दोघींच्या वंशावळी वेगळ्या. पण गावाच्या शिवेचा निर्णय गावाच्या हजेरीत व्हावा ही अपेक्षा इथली आहे, एवढे त्या कागदांवरून कळते.

आजच्या सूचनेचा खरा वंश सुरू होतो कंपनी सरकारच्या कायद्यांपासून. १८४२ चा दहावा कायदा बंगालपुरता होता. एखाद्या गावातल्या दोनतृतीयांश घरमालकांनी अर्ज केला तर तिथे साफसफाईसाठी समिती नेमावी, कर बसवावा, अशी तजवीज. तो एकाच गावात लागू झाला. तिथल्या लोकांनी कर तर नाकारलाच, वर वसुलीला आलेल्या कलेक्टरवर आगळिकीचा खटला भरला. एवढ्या अनुभवानंतरही १८५० च्या सव्विसाव्या कायद्याने, जो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी होता, मूळ तत्त्व सोडले नाही. गावच्या रहिवाशांना सुधारणा हवी आहे, मागणी त्यांच्या इच्छेला धरून आहे, अशी सरकारची खात्री पटली तरच म्युनिसिपालिटी. कर कोणता बसवायचा यातही मोकळीक होती, आणि घरपट्टीपेक्षा जकात बरी, ती परस्पर व्यापाऱ्याकडून जाते, असे आपल्याकडच्या बहुतेक शहरांनी ठरवले. मुंबई इलाख्यात हा कायदा चांगलाच रुजला. सोलापूर १८५२, सातारा १८५३, अहमदनगर १८५४ अशा आपल्या जुन्या नगरपालिका त्याच काळातल्या.

अर्ज करणारे ‘रहिवासी’ म्हणजे सगळे गाव नव्हेच. पेठेतले चार सावकार, दोन वकील, एखादा इनामदार. कलेक्टरसाहेबांची मर्जी काय आहे हे ओळखून केलेले अर्जही त्यात असणार. तरी कायद्याचा प्रश्न काय होता तो नीट पाहावा. सरकार विचारत होते, ‘तुम्हाला हवी का?’ गाव गप्प राहिले तर म्युनिसिपालिटी होत नव्हती. गप्प राहण्याचा अर्थ ‘नको’ असा होता.

पुढच्या पन्नास वर्षांत हा अर्थ उलटा झाला. रेल्वे आली, पटकी आली, प्लेग आला. शहर साफ ठेवणे ही रहिवाशांच्या हौसेवर सोडण्याची गोष्ट राहिली नाही. व्हाइसरॉय रिपन यांच्या १८८२ च्या ठरावाने निवडून आलेल्या सभासदांची भाषा आणली, पण शहराची हद्द कुठवर हे ठरवण्याचा हात सरकारचाच राहिला. १९०१ च्या मुंबई जिल्हा म्युनिसिपल कायद्यात हे सगळे एका कलमात सापडते. नवी म्युनिसिपालिटी करायची किंवा जुनीची हद्द बदलायची असेल तर सरकारने आधी जाहीरनामा काढावा. तो राजपत्रात इंग्रजीत छापावा आणि त्या भागात ठळक जागी तिथल्या भाषेत लावावा. ज्यांचा आक्षेप असेल त्यांनी दोन महिन्यांत कलेक्टरकडे लेखी, कारणांसह द्यावा. कलेक्टरने तो सरकारकडे पाठवावा. आणि आलेले आक्षेप सरकारच्या मते अपुरे किंवा गैरलागू ठरले तरच पुढची अधिसूचना निघावी.

आजच्या सूचनेचे नाकडोळे या कलमातच दिसतात: जाहीरनामा, मुदत, लेखी, कारणांसह, कलेक्टर. आता प्रश्न झाला, ‘काही हरकत आहे का?’ गाव गप्प राहिले तर काम पुढे जाते. गप्प राहण्याचा अर्थ ‘चालेल’ असा झाला. शिवाय जो प्रस्ताव मांडतो तोच त्यावरचे आक्षेप पुरेसे की अपुरे हे तोलतो. वादी आणि न्यायाधीश एकाच खुर्चीत.

‘सूचना’ हा जोडीदार दुसऱ्या घरातून आला. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमात, आणि त्याच्या पावलावर पाऊल ठेवणाऱ्या मुंबई इलाख्याच्या १९०४ च्या कायद्यात, ‘पूर्वप्रसिद्धी’ची रीत घालून दिली आहे. एखादा नियम पूर्वप्रसिद्धीच्या अटीवर करायचा असेल तर आधी मसुदा प्रसिद्ध करा, एक तारीख द्या, त्या तारखेपूर्वी येणारा कोणताही आक्षेप किंवा सूचना विचारात घ्या. हीच ती जोडगोळी, आणि तिचे पाळणाघर म्हणजे नियम बनवण्याची कार्यपद्धती. त्याच कलमाच्या शेवटी आणखी एक वाक्य आहे, जे जाहिरातीत कधी छापले जात नाही. अंतिम नियम राजपत्रात आला की तो रीतसर झाल्याचा तोच निर्णायक पुरावा. आक्षेप विचारात घेतले का, कसे घेतले, कोणी वाचले, याचा शोध घेण्याचा दरवाजा तिथे जवळजवळ बंद होतो.

स्वातंत्र्यानंतर शहरे फुगली तेव्हा हातात असलेली हत्यारे हीच होती. १५ फेब्रुवारी १९५० ला पुण्याची शहर म्युनिसिपालिटी आणि उपनगर म्युनिसिपालिटी एकत्र करून महापालिका झाली. मुंबईने १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंतची आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंतची उपनगरे पोटात घेतली, ती विधिमंडळात कायदा करून. तिथे निदान सभागृहात चर्चा होते, कोणी काय बोलले ते छापले जाते. बाकीच्या शहरांना १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम लागू झाला, ज्याला आज महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणतात. त्याच्या तिसऱ्या कलमात हद्द ठरवण्याचा अधिकार राज्य सरकारला आहे, लोकांपुरती अट एकच: पूर्वप्रसिद्धी. नगरपालिकांसाठी १९६५ चा कायदा आला. त्यात राजपत्रासोबत वर्तमानपत्राची भर पडली आणि मुदत किमान तीस दिवस ठरली. १९०१ चे दोन महिने निम्म्यावर आले.

या हत्याराची खरी परीक्षा झाली कल्याणला. १९८२ मध्ये सरकारने प्रारूप अधिसूचना काढली: कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ आणि उल्हासनगर या चार शेजारी नगरपालिका एकत्र करून एक महानगरपालिका करायची. नकाशावर हे सोपे दिसते. एका स्टेशनावरून पुढच्या स्टेशनावर जाताना गाव कधी बदलले ते कळत नाही. पण उल्हासनगर हे फाळणीनंतर निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले सिंधी समाजाचे शहर. त्यांचा विरोध कडाडून झाला, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले आणि सरकारने उल्हासनगर वगळले. उरलेल्यांची महापालिका १ ऑक्टोबर १९८३ ला स्थापन झाली.

मग उरलेल्यांनी विचारले: मसुदा चार शहरांचा होता, आमच्या हरकती त्या मसुद्यावर होत्या. एक शहर गळाले म्हणजे प्रस्तावच बदलला. आम्हाला पुन्हा का नाही विचारले? उल्हासनगरचे ऐकले, आमचे का नाही? उच्च न्यायालयाला हा प्रश्न रास्त वाटला. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये तो फेटाळला. महापालिका स्थापन करणे हे कायदा करण्यासारखे काम आहे, निवाडा करण्यासारखे नाही. त्याला नैसर्गिक न्यायाची तत्त्वे लागत नाहीत. कायद्याने मसुदा प्रसिद्ध करायला सांगितले, सरकारने केला, हरकती मागवल्या. त्यापलीकडे प्रत्येकाचे ऐकून घेण्याचे बंधन नाही.

या निकालाच्या आधीचे दोन निकाल आहेत. १९८० मध्ये उत्तर प्रदेशातल्या एका साखर कारखान्याच्या प्रकरणात न्यायालयाने असेच म्हटले होते: हद्दीत घेणे हे कायदा करण्याच्या जातीचे काम, त्यासाठी सुनावणी लागत नाही. पण १९८७ मध्ये हिमाचलमधल्या काही गावांबाबत त्याच न्यायालयाने उलट सूर लावला. ग्रामपंचायत जाऊन शहरी समिती येते तेव्हा कर बदलतात, निवडून दिलेले पंच मुदतीआधी घरी जातात. लोकांवर एवढा परिणाम होणार असेल तर कायद्यात लिहिलेले नसले तरी त्यांचे ऐकले पाहिजे. दोन्ही विचार आपल्या न्यायशास्त्रात शेजारीशेजारी नांदतात. सरकारी वकील एक उचलतो, गावचा वकील दुसरा.

१९९२ च्या घटनादुरुस्त्यांनी ग्रामसभेला घटनेत जागा दिली. पण गाव शहर कधी होते हे सांगणाऱ्या २४३ क्यू अनुच्छेदात निकष आहेत ते लोकसंख्या, घनता, महसूल, बिगरशेती रोजगार, आर्थिक महत्त्व यांचे. गावाला विचारा असा शब्द त्यात नाही. म्हणून ग्रामसभा ठराव करते, हात वर होतात, इतिवृत्तात ‘सर्वानुमते’ लिहिले जाते, आणि तो ठराव जिल्हाधिकाऱ्यांकडे एक हरकत म्हणून जातो. हजार हातांचा ठराव आणि एका माणसाचा अर्ज, आवक नोंदवहीत दोघांना एकेक क्रमांक.

मग हरकतींना काही वजन नाही असे समजायचे का? गेल्या तीस वर्षांचा इतिहास तसे सांगत नाही. वजन आहे, पण ते सुनावणीच्या टेबलावर क्वचित दिसते.

पुण्याने १९९७ मध्ये ३८ गावे घेतली. पुढच्या काही वर्षांत त्यांतली १५ पूर्ण आणि ५ अंशतः वगळावी लागली. २०१४ मध्ये ३४ गावांचा नवा मसुदा आला आणि वारा फिरला. टॉवर उभे राहिले होते, टँकर लागले होते, ग्रामपंचायतीच्या आवाक्यात ना पाणी होते ना कचरा. आम्हाला घ्या म्हणून हवेली तालुक्यातल्या गावांची कृती समिती उच्च न्यायालयात गेली. २०१७ मध्ये ११ गावे आली, २०२१ मध्ये वाघोली, मांजरी, नऱ्हे यांच्यासह उरलेली २३. मग घरपट्टीची बिले आली. पहिल्या ११ पैकी फुरसुंगी आणि उरुळी देवाची, ज्यांच्या उशाला शहराचा कचरा डेपो वर्षानुवर्षे होता, ती दोन गावे पुन्हा बाहेर काढून २०२४ मध्ये त्यांची स्वतंत्र नगरपरिषद झाली.

कल्याणच्या परिसरातल्या २७ गावांची कथा तर हेलकाव्यांची. १९८३ मध्ये आत, २००२ मध्ये बाहेर, २०१५ मध्ये परत आत. जून २०२० मध्ये त्यांतली १८ पुन्हा बाहेर काढून वेगळी नगरपरिषद करायची अधिसूचना निघाली, आणि डिसेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. कारण लक्षात घेण्यासारखे आहे. हद्द बदलण्याआधी महानगरपालिकेशी विचारविनिमय करावा असे कायदा सांगतो, आणि तो झालेला नव्हता. म्हणजे विचारण्याचा सक्तीचा हक्क आहे, पण तो महापालिकेचा. गावाच्या वाट्याला तीस दिवस.

नवी मुंबईलगतची १४ गावे २००७ मध्ये आंदोलन करून महापालिकेतून सुटली, आणि काही वर्षांनी तितक्याच हिरिरीने परत घ्या म्हणून उभी राहिली. तेव्हा हरकत आली ती शहराच्या बाजूने: यांचा खर्च कोणी करायचा? वसई-विरारची महापालिका २००९ मध्ये चार नगरपालिका आणि ५३ गावांची झाली. गावे पेटली, त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत आमदार बदलला, २०११ मध्ये २९ गावे वगळण्याची अधिसूचना निघाली आणि मग वर्षानुवर्षे कोर्टात अडकली. कोल्हापूरची आणखी वेगळी तऱ्हा. १९७२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली, पण हद्द होती तेवढीच राहिली. शहरवाले हद्दवाढीसाठी उपोषणाला बसतात, गावे हद्दवाढीविरुद्ध बंद पाळतात. २०१७ मध्ये सरकारने ४२ गावांसाठी वेगळे विकास प्राधिकरण काढले आणि भिजत घोंगडे दुसऱ्या बादलीत टाकले.

या सगळ्या घटना एका रांगेत ठेवल्या की एक गोष्ट दिसते. गावाचे मन सुनावणीत कळलेच नाही, ते कळले नंतर. घरपट्टीच्या पहिल्या बिलानंतर, मोर्च्यात, मतपेटीत, कोर्टात. आत-बाहेरचा हा खेळ गावे लहरी आहेत म्हणून चालत नाही. विलीन झाल्यावर पाणी केव्हा येईल, घरपट्टी किती वर्षांत किती वाढेल, गायरानाचे काय होईल, गावठाणातल्या बांधकामांना कोणता नियम लागेल, यांतले काहीच मसुद्यात नसते. मसुद्यात असते चतुःसीमा. हरकत सीमेवर मागवतात, लोकांना बोलायचे असते संसारावर. १८५० मध्ये काय कर द्याल आणि त्यात काय हवे, हे निदान एकाच प्रश्नात होते. नंतर प्रश्नाचे दोन तुकडे झाले, आणि सरकार त्यांतला एकच विचारते.

सुनावणीच्या दिवशी जिल्हाधिकारी किंवा विभागीय आयुक्त कार्यालयात गेलात तर हे सारे एका खोलीत दिसते. बाहेर बाकांवर गावकरी. हातात झेरॉक्स केलेले अर्ज, मजकूर एकच, खाली सह्या वेगळ्या. असे शेकडो अर्ज गठ्ठ्याने आलेले असतात आणि साहेबांच्या टेबलावर त्यांचा एक ढीग, म्हणजे एक मुद्दा, होतो. नाव पुकारले जाते, माणूस आत जातो, दोन मिनिटे बोलतो. ‘तुमचं म्हणणं नोंदवून घेतलं’ हे वाक्य येते. त्या वाक्यात खोटे काही नाही. ते खरोखर नोंदवून घेतलेले असते.

बाहेर येताना तो टपाल शाखेतून दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून घेतो. ही पोच. तारीख, आवक क्रमांक, शिपायाची गोल सही. ती तो घरी नेऊन सातबारा आणि आठ अ च्या उताऱ्यांसोबत त्याच पिशवीत घालतो. उद्या कोर्टात जायची वेळ आली तर आपण गप्प नव्हतो याचा त्याच्याकडे तेवढाच पुरावा. ज्या कायद्यात गप्प राहणे म्हणजे होकार, तिथे पोच म्हणजे ‘मी गप्प नव्हतो’ एवढेच, त्याहून जास्त नाही.

महजराच्या कागदावर निर्णय सभेचा असे आणि खाली निशाणी गावकऱ्याची: नांगर. आता गावकऱ्याच्या कागदावर निशाणी असते कचेरीची.